शाळांमधल्या वंशभेदावर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून उन्हाळा लागला की फोन सुरू होतात. ‘दादा, आमच्या मुलीला शाळांमधल्या वंशभेदावर रिसर्च करायचाय, जरा बघाल का?’ बघतो. पण मुलीला विषय हवा असतो आणि आईबाबांना कॉलेजच्या अर्जातली एक ओळ. तिथूनच घोळ सुरू होतो.

सगळ्यात मोठा घोळ गूगल फॉर्मचा. विषय सुचला की दुसऱ्या दिवशी सर्व्हे तयार, तोही आपल्याच मैत्रिणींना. एका मुलीनं मला न दाखवताच असा फॉर्म फिरवला आणि आलेली उत्तरं पोस्टरवर लावली. एका उत्तराखाली लिहिलं होतं, ‘कृष्णवर्णीय विद्यार्थिनी, अकरावी, एपी फिजिक्स’ (एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या तोडीचा विषय). नाव कुठेच नाही, म्हणून ही निर्धास्त. त्या वर्गात तशी मुलगी एकच होती! तिनं शिक्षकांबद्दल जे लिहिलं होतं, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत शाळाभर झालं. पोस्टर उतरवलं, पण त्या मुलीला उरलेलं वर्ष त्याच शिक्षकांसमोर काढायचं होतं.

तेव्हापासून माझा नियम असा: इयत्ता, विषय आणि वंश यांपैकी एकच गोष्ट छापायची. उत्तर कुणाचं हे ओळखू येत असेल तर ते कितीही बोलकं असो, वापरायचं नाही. पालकांची संमती आणि शाळेची परवानगी फॉर्म पाठवण्याआधी. ‘काका, नंतर घेते ना,’ हे मी ऐकून घेत नाही. आयसेफसारख्या शालेय विज्ञान स्पर्धेतही माणसांकडून माहिती घ्यायची तर मंजुरी आधी लागते.

खरं तर बऱ्याच जणांना सर्व्हेची गरजच नसते. सरकारी शाळांचे वंशनिहाय आकडे अमेरिकेचं केंद्र सरकार 1968 पासून गोळा करतं आणि ते कुणालाही फुकट बघता येतात.

अर्थात आकडे मिळाले म्हणजे वाचता आले असं नाही. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामकाज तपासणाऱ्या जीएओ या संस्थेनं 2018 च्या अहवालात 2013-14 या वर्षाचे आकडे दिले होते: सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय 15.5 टक्के, पण निलंबित झालेल्यांत सुमारे 39 टक्के. यावरून दरवर्षी कुणीतरी लिहितंच, ‘39 टक्के कृष्णवर्णीय मुलं निलंबित होतात.’ अहो, 39 टक्के कशाचे? मी लॅपटॉप मिटायला लावतो आणि कागदावर शंभर ठिपके काढायला सांगतो, एकदा सगळ्या विद्यार्थ्यांचे, एकदा निलंबितांचे. पोरं कुरकुरतात, पण हिशेब बरोबर येतो: कृष्णवर्णीय मुलांच्या निलंबनाचं प्रमाण बाकीच्या मुलांच्या साधारण साडेतीन पट. तेवढ्यावरून ‘शिक्षक वंशवादी आहेत’ असं लिहिलं की मी ते वाक्य खोडतो. कारण शोधणं हा वेगळा अभ्यास आहे.

‘एशियन’ हा एकच रकाना धरू नका. आपली मुलं आणि आग्नेय आशियातून आलेल्या निर्वासित हमोंग कुटुंबातली मुलं त्यात एकत्र मोजली जातात.

‘हे सगळं अमेरिकेच्या दक्षिणेतलं, 1954 च्या ब्राउन निकालानंतर संपलं,’ हेही नको. (शाळांत वंशावरून मुलं वेगळी ठेवणं घटनाबाह्य ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा तो निकाल.) न्यू जर्सीच्या राज्यघटनेनं शाळांतल्या विभाजनाला 1947 मध्येच बंदी घातली, तरी 2018 मध्ये त्याच मुद्द्यावर राज्याविरुद्ध खटला दाखल झाला. इथे मूल ज्या गावात राहतं त्याच गावच्या शाळेत जातं. त्यामुळे कोण कुठे घर घेऊ शकलं, ते वर्गात दिसतं.

निष्कर्ष बाबांनी लिहिलेला असला की मला पहिल्या ओळीत कळतं. आणि ऑक्टोबरात, कॉलेजच्या अर्जांच्या घाईत फोन केलात तर मी फक्त आलेख तपासून देईन, नवा सर्व्हे काढू देणार नाही.