लांब एचडीएमआय केबलवर ठिपके येत असतील तर

फोंड्याकडे आमच्या देवळाच्या जत्रेत नाटकाआधी स्क्रीनचं सगळं मी बघतो, लॅपटॉप स्टेजच्या बाजूला आणि प्रोजेक्टर मंडपात मागे, म्हणजे सरळ २० मीटर एचडीएमआय केबल (लॅपटॉपचं चित्र आणि आवाज प्रोजेक्टरला नेणारी). एका वर्षी नांदीच्या पंधरा मिनिटं आधी पडद्यावर पांढरे ठिपके चमकायला लागले, मग पडदा काळा, मग परत चित्र. सगळे प्रोजेक्टरला नावं ठेवत होते, दोष केबलचा होता.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, एचडीएमआय डिजिटल आहे, केबल लांब झाली म्हणून चित्र धूसर होत नाही. ठिपके, रेघा, नाहीतर थेट काळं. धूसर दिसत असेल तर फोकस आणि रिझोल्यूशन बघा. जुन्या व्हीजीए केबलीत (ती डिजिटल नव्हती) अक्षरांच्या बाजूला सावली यायची, ती मात्र लांब केबलनेही यायची.

सगळ्यात आधी फुकटचा उपाय करा. ४के (फुल एचडीपेक्षा चौपट बारीक चित्र) ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं असताना, सेकंदाला जवळपास १८ गिगाबिट डेटा जातो, फुल एचडी ६० हर्ट्झला साधारण ४.५, आणि तांब्यात सिग्नल जितका वेगवान तितका तो लवकर मरतो. म्हणून लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०८० (म्हणजे फुल एचडी) करा, तरी ठिपके राहिले तर ३० हर्ट्झ. त्या रात्री आमचं एवढ्यावरच भागलं.

साधी तांब्याची केबल ४केला ५ मीटरच्या आसपास, फुल एचडीला चांगली जाड असली तर १०-१५ मीटर, त्यापुढे भरवसा नको. दोन केबली जॉइंटरने जोडून लांबी वाढवू नका, त्या जोडावरच सिग्नल जातो. फायबरवाली (आतून प्रकाशाने सिग्नल नेणारी) एचडीएमआय घ्या, पण तिला दिशा असते, सोर्स लिहिलेलं टोक लॅपटॉपलाच, आणि गुंडाळताना घट्ट मुडपू नका. नाहीतर कॅट६ एक्स्टेंडर (नेटवर्कच्या वायरीतून एचडीएमआय नेणाऱ्या दोन डब्या), त्याला शुद्ध तांब्याचीच वायर, स्वस्तातली अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको.

आपल्याकडे आणखी एक त्रास, खारी हवा आणि पावसाळा. चार महिने पेटीत पडलेल्या केबलच्या पिनांवर हिरवट थर चढतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नीट वाळवा आणि ठेवताना सिलिका जेलची पुडी टाका. लाइट कमी-जास्त करणाऱ्या डिमरच्या वायरी केबलला समांतर नेऊ नका, ओलांडायच्याच तर काटकोनात.

टेस्ट संध्याकाळीच करा, सगळे लाइट पेटवून, निदान अर्धा तास, कारण काही केबली पहिली दहा मिनिटं अगदी शहाण्यासारख्या वागतात.