कोल्हापूर ते दिब्रुगड : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

दूरवरच्या दोन लहान विमानतळांमधील प्रवास ठरवताना आपण आधी किलोमीटर पाहतो. परंतु अशा प्रवासात बराचसा वेळ जमिनीवरच जातो, त्यामुळे अंतराइतकेच मध्ये किती ठिकाणी उतरावे लागेल हेही पाहिले पाहिजे.

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ १६.६६ उत्तर अक्षांश व ७४.२९ पूर्व रेखांशावर आहे, तर आसामातील दिब्रुगडचा मोहनबारी विमानतळ २७.४८ व ९५.०२ वर आहे. अक्षांशांतील फरक १०.८२ अंश, एका अंशाचे सुमारे १११.२ किलोमीटर धरल्यास तो १,२०३ किलोमीटर होतो. रेखांशांतील फरक २०.७३ अंश आहे, पण रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जात असल्याने त्याला १११.२ ने गुणल्यावर मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे २२.०७ अंशांच्या, कोसाइनने (०.९२७) पुन्हा गुणावे, उत्तर २,१३७ किलोमीटर येते. या दोन बाजू काटकोन त्रिकोणाच्या मानल्या, की कर्ण सुमारे २,४५० किलोमीटर भरतो. पृथ्वीची गोलाई धरून केलेल्या काटेकोर गणितापेक्षा हा आकडा अवघ्या काही किलोमीटरने वेगळा असतो, म्हणून ही रीत निःशंकपणे वापरावी.

जेट विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर धरल्यास हे अंतर तीन तासांत कापले जाईल. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि खाली उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवावा. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात, त्यामुळे जाताना वेळ वाचतो आणि परतताना तो वाढतो. ताशी ६० किलोमीटर वाऱ्याचा परिणाम धरला, तर दोन्ही दिशांच्या वेळेत सुमारे २५ मिनिटांचा फरक पडतो.

थेट विमान नसेल, तर प्रत्येक टप्प्याचे अंतर याच रीतीने काढून बेरीज करावी. मुंबई व कोलकाता मार्गे ३०९, १,६६७ आणि ८५२ मिळून २,८२८ किलोमीटर होतात. हैदराबाद व कोलकाता मार्गे ४४५, १,२०८ आणि ८५२ मिळून केवळ २,५०५. हैदराबाद जवळजवळ सरळ रेषेवरच येते, तर मुंबईला जाताना आपण आधी उलट दिशेने सरकतो. तरीही माझ्या मते ३२३ किलोमीटरच्या बचतीपेक्षा कोणत्या ठिकाणी कमी थांबावे लागते याला अधिक महत्त्व द्यावे, कारण जेटच्या वेगाने ते अंतर २५ मिनिटांपेक्षा कमी वेळाचे असते, आणि गैरसोयीच्या वेळापत्रकात एकाच थांब्यावर चार तास सहज जातात. लहान टप्प्यावर एटीआर विमान (पंख्यांवर चालणारे छोटे प्रवासी विमान) असेल, तर वेग ताशी ५०० किलोमीटरच धरावा. हैदराबादमार्गे पहिला टप्पा एटीआरचा आणि प्रत्येक टप्प्याला वरचा अर्धा तास धरला, तर हवेतील व धावपट्टीवरील वेळ सुमारे पावणेपाच तास होतो. दोन्ही थांब्यांचे प्रत्येकी दोन तास धरले, तर प्रवास पावणेनऊ तासांचा ठरतो.

शक्यतो सर्व टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगवेगळ्या तिकिटांवर सामान सहसा मध्येच ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते, आणि पुढचे विमान चुकल्यास खर्च बहुधा आपल्याच माथी येतो.

दोन्ही शहरांत घड्याळ एकच असल्याने पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ थेट वजा करता येते. मात्र दिब्रुगडला सूर्य कोल्हापूरपेक्षा सुमारे ८३ मिनिटे आधी माथ्यावर येतो आणि डिसेंबरात तेथे साडेचारच्या आत सूर्यास्त होतो, म्हणून पुढे रस्त्याने जायचे असल्यास दुपारी लवकर उतरणारे विमान निवडावे.