निळा धूर आला म्हणजे टर्बो गेलाच, असं नाही

कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला जरा थांबून निघालो की माझ्या डिझेल गाडीमागं निळा धूर. निळा म्हणजे ऑइल जळतंय. डिझेल जास्त झालं तर धूर काळा येतो. एका गॅरेजनं थेट टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बदलायला सांगितलं. मन मानेना. गाडी उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींकडं नेली.

त्यांनी टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप काढला, आत ऑइल साचलेलं. पण टर्बोचा शाफ्ट हलवून पाहिला तर खेळ (ढिलेपणा) नावालाच, पंखाही कुठं घासलेला नव्हता. चोंदला होता ब्रीदर, म्हणजे इंजिनातले वायू बाहेर सोडणारी वाट! तो बंद झाला की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, दाब वाढतो, टर्बोतलं ऑइल खाली उतरत नाही आणि सीलमधून बाहेर येऊन हवेबरोबर इंजिनात जळतं.

ब्रीदर बदलला, टर्बोतलं ऑइल खाली आणणारा रिटर्न पाइप साफ केला. इंटरकूलर धुवायला विसरू नका, साचलेलं ऑइल ओढून डिझेल इंजिन बेफाम पळू शकतं. परवा करूळ घाट चढून आलो, धूर नाही.