उलटा हत्ती म्हणजे हत्तीच

तिशी उलटल्यावर पहिली रेटेड (म्हणजे जिच्या निकालांवरून खेळाडूचं अधिकृत रेटिंग, गुणांकन ठरतं अशी) बुद्धिबळ स्पर्धा खेळायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्या बिल्डिंगमधले पट माळ्यावरून खाली आले. त्याच लाटेत मीही नाव नोंदवलं. दर डावाला ९० मिनिटं, शिवाय दर चालीला ३० सेकंद.

चाली, कॅसलिंग, नोटेशन तुम्हाला येतंच. मोबाइल घरी ठेवा. दोन फेऱ्यांच्या मध्ये तर्री पोहे खाऊ नका, दुसऱ्या डावात डोळे मिटतात. बस.

माझा घात तिसऱ्या फेरीत झाला. समोर जेमतेम अकरा वर्षांचं पोट्टं. माझं प्यादं शेवटच्या घरापासून एक पाऊल दूर, त्याचंही तसंच, पण चाल माझी. प्याद्याचा वजीर करायचा, पुढच्या चालीला तिरका शह द्यायचा, डाव खिशात. माझा मेलेला वजीर त्या पोराच्या मुठीत होता, चाळा म्हणून फिरवत होता. मी काय केलं? लहानपणापासून गच्चीवर करत आलो तेच. बाजूला पडलेला माझा हत्ती उचलला, वजीर समजून उलटा ठेवला आणि घड्याळ दाबलं.

पोरगं काहीच बोललं नाही. शांतपणे राजा हलवला. मी 'वजीर' तिरका नेऊन शह दिला, तर त्याने घड्याळ थांबवून हात वर केला. पंच आले, बघितलं आणि म्हणाले, "उलटा असो की सुलटा, हत्ती तो हत्तीच. तिरका कसा जाईल?"

इथे नीट लक्ष द्या, कारण मार दुहेरी बसतो. उलटा हत्ती ठेवणं नियमाप्रमाणे वैध चाल आहे: तुम्ही हत्ती घेतला, विषय संपला. तोंडाने 'वजीर' म्हटलंत तरी फरक पडत नाही. मग तो तिरका नेलात की ती बेकायदा चाल. पहिल्या चुकीला समोरच्याला २ मिनिटं जास्त, दुसऱ्या चुकीला सहसा डावच गेला. वर हात लागलेला मोहरा हलवावाच लागतो. माझ्या हत्तीच्या कुठल्याच चालीने त्याचं प्यादं अडत नव्हतं.

आणि त्या पोट्ट्याने वजीर कसा केला ते ऐका. त्याचा काळा वजीर माझ्या कोपराशी पडला होता. प्यादं शेवटच्या घरात सरकवलं, घड्याळ थांबवलं, पंचांना हात केला, वजीर मागितला, ठेवला, मगच घड्याळ. नियम तुम्हाला हेच करू देतो, फक्त घड्याळाचा खटका दाबायचा नाही, मधलं थांबवायचं बटण दाबायचं. वजीर न ठेवताच खटका दाबलात तर तीही बेकायदा चाल. वजीर हाताशी असेल तर प्यादं आधी सरकवा की आधी उचला, क्रमाला महत्त्व नाही.

२०१७ च्या कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेत, विजेतेपदाच्या टायब्रेकमध्येही (बरोबरी फोडायच्या जादा डावात) असंच घडलं: वजीर प्रतिस्पर्ध्याच्या हातात, पटावर उलटा हत्ती, पंचांचा निर्णय हत्तीच, आणि डाव गेला. हे वाचून मला रात्री झोप लागली, खोटं कशाला बोलू.

माझ्या क्लासच्या सरांनी चार महिने ओपनिंगचे सापळे घोटून घेतले. पंधराव्या चालीपर्यंत सगळं पाठ. घड्याळाला हात कधी लावायचा, हे एकदाही नाही. 'दहा चालींत जिंका'छाप व्हिडिओंवर माझा आता राग आहे. त्यापेक्षा फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचे, नियम एकदा वाचा, एक दुपार पुरते.

घाबरू मात्र नका. रेटिंग लागायला रेटेड खेळाडूंविरुद्ध निदान ५ डाव लागतात, एका डावाने कोणी बुडत नाही.

सातव्या फेरीत माझं प्यादं पुन्हा तिथेच पोचलं. घड्याळ थांबवलं, हात वर केला. पंच पलीकडच्या टेबलावरून वजीर घेऊन आले, आमच्या सेटपेक्षा बोटभर उंच आणि पिवळट. समोरच्या काकांनी त्याच्याकडे बघितलं, चष्मा काढला आणि डाव सोडला.