यंग्ज मॉड्युलस 50 आला? या चुका टाळा

तारेला वजनं टांगून ती किती लांबते, यावरून यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताणाला पदार्थ किती दाद देत नाही याचं माप, काढतात. पोलादाचा यंग्ज मॉड्युलस साधारण 200 गिगापास्कल. अकरावीच्या जर्नलात 50 दिसला, की मी आकडेमोड न बघताच सांगतो: तारेच्या त्रिज्येच्या जागी व्यास घातलास. क्षेत्रफळ चौपट, उत्तर पाव. आणि 20 च्या आसपास आलं, तर किलोग्रॅमला 9.8 ने गुणायचं राहिलं. या चुका निदान पकडता तरी येतात.

खरी मेख तारेचा व्यास मोजणाऱ्या स्क्रू गेजमध्ये आहे. 0.50 मिमी व्यासात 0.01 मिमी चुकलं, तर चूक 2 टक्के. पण सूत्रात व्यासाचा वर्ग, म्हणून उत्तरात 4 टक्के. उलट 2 मीटर लांबीत अख्खा सेंटिमीटर चुकला, तरी फरक अर्धा टक्का. मुलं मात्र लांबी तीन-तीनदा मोजतात आणि व्यास एकदाच! शून्य त्रुटी (स्क्रू गेज बंद असताना शून्याऐवजी दिसणारा आकडा) आधी बघा, मग चार-पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी व्यास घ्या.

या प्रयोगाच्या सर्लच्या उपकरणात शेजारी शेजारी दोन तारा टांगतात आणि वजनं एकीलाच वाढवतात. मग दुसरी तार कशाला, हे तोंडी परीक्षेत हमखास अडतं. आधी सांगितलेल्याच 2 मीटर लांब, 0.50 मिमी व्यासाच्या पोलादी तारेला अर्धा किलो लावला, तर ती जेमतेम पाव मिमी वाढते. खोलीचं तापमान एका अंशाने चढलं, तरी ती 0.024 मिमी वाढते, म्हणजे त्याच्या जवळपास दहावा हिस्सा. दोन्ही तारा सारख्याच तापतात, आधार वाकला तर दोन्ही सारख्याच खाली येतात. दोन्ही तारांमध्ये आडवी ठेवलेली स्पिरिट लेव्हल (बुडबुड्याची नळी) फक्त दोन तारांमधला फरक दाखवते. म्हणून दुसऱ्या तारेवरचं वजन मधेच बदलू नका.

नव्या तारेत मोडी, म्हणजे बारीक बाक, असतात. थोडं वजन आधीच अडकवून त्या सरळ करा, नाहीतर आलेख सुरुवातीलाच वाकडा येतो. स्पिरिट लेव्हल समतल करणारा मायक्रोमीटर स्क्रू एकाच दिशेने फिरवा.

‘रबर जास्त ताणतं, म्हणून जास्त स्थितिस्थापक’ हे उत्तर दरवर्षी ऐकतो. तेवढ्याच प्रतिबलाला (दर क्षेत्रफळामागचं बल) पोलादात विकृती (मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ) कितीतरी कमी, म्हणून त्याचाच मॉड्युलस मोठा. बल आणि ताणलं जाणं यांचं, शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1678 मध्ये मांडलेलं सरळ प्रमाणही ठरावीक मर्यादेपर्यंतच टिकतं.

वजनं उतरवतानाच्या नोंदी चढवतानाच्या नोंदींशी जुळत नसतील, तर तार चिमट्यातून सरकली असेल, नाहीतर स्थितिस्थापक मर्यादा (जिच्यापलीकडे तार मूळ लांबीवर परत येत नाही) ओलांडली असेल. अशा वेळी आकडे जुळवत बसू नका. चिमटा घट्ट करा; तरी जुळलं नाही, तर तार बदला.