कड्यावरून निवृत्त झालेलं सामान घरात कसं वापरावं

प्रस्तरारोहण करणाऱ्याच्या घरी एक पोतं हमखास असतं. त्यात कव्हर फाटलेला दोर, रंग उडालेल्या स्लिंग (कापडी पट्टीचे शिवलेले वेढे), खाच पडलेली कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या गेटच्या धातूच्या कड्या) आणि तळ झिजलेले बूट पडून असतात. टाकवत नाही आणि कड्यावर नेता येत नाही. सह्याद्रीत हे पोतं लवकर भरतं, कारण आपल्या बेसॉल्टच्या कडा धारदार असतात आणि तांबडी माती दोराच्या विणीत शिरून आतून धागे कापते. पण हे सामान भंगारात घालण्याजोगं मुळीच नसतं. घरातली कितीतरी कामं ते बाजारातल्या सुतळीपेक्षा आणि प्लास्टिकच्या हुकापेक्षा चांगली करतं.

त्याआधी एक नियम, आणि तो कटाक्षाने पाळा. सामान कड्यावरून घरात येतं, घरातून पुन्हा कड्यावर जात नाही. ज्या कॅराबिनरला महिनाभर भाजीच्या पिशव्या लटकल्या, जो दोर गच्चीवर उन्हात राहिला, त्याचा इतिहास आता कोणालाच ठाऊक नाही. दुसरा नियम याचाच भाग आहे: जिथे माणसाचा भार येणार, तिथे निवृत्त सामान वापरायचं नाही. लहान मुलांचा झोपाळासुद्धा नाही.

आधी वेगळं काढा आणि खूण करा

काय निवृत्त करायचं? दोर, स्लिंग, हार्नेस (चढताना कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) अशा कापडी वस्तूंना बहुतेक उत्पादक जास्तीत जास्त 10 वर्षांचं आयुष्य देतात, न वापरता ठेवल्या तरीही. त्याआधीच कव्हर फाटून आतला पांढरा गाभा दिसला, मोठा फॉल (चढणारा पडल्यावर दोराला बसणारा झटका) बसला, अ‍ॅसिड सांडलं, तर तिथेच संपलं. दोर हातातून हळूहळू सरकवत न्या आणि दर वीतभर अंतरावर तो दुमडून पाहा. एखाद्या जागी तो गोल वळण न घेता चपटा मोडला, तर आतला गाभा गेला असं समजा. कॅराबिनरचं गेट आपोआप बंद होत नसेल किंवा दोर घासून खोल खाच पडली असेल, तर तेही बाजूला काढा.

मग लगेच खूण करा. कॅराबिनरवर लाल ऑइलपेंटचा पट्टा ओढा. हार्नेसचं बीले लूप (समोरचा, कॅराबिनर अडकवायचा वेढा) कापून टाका. दोराचे तुकडे करा, म्हणजे चुकूनही कोणी तो चढाईला उचलणार नाही. गिर्यारोहण संस्थांचं सामान सामायिक असतं, ते पुढच्या तुकडीच्या हाती जातं. नव्या मुलांना दोराचं वय डोळ्यांनी कळत नाही, म्हणून ही कापाकापी सर्वात महत्त्वाची.

कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने सगळं धुऊन सावलीत वाळवा. कापलेली टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करा. हे काम गच्चीत किंवा खिडकीजवळ करा, कारण धूर वाईट असतो आणि वितळलेलं नायलॉन बोटाला चिकटलं की कातडी घेऊनच निघतं.

आकाशकंदील, खुर्चीवर न चढता

दिवाळीत बाल्कनीच्या कठड्यावर वाकून किंवा डगमगत्या स्टुलावर उभं राहून कंदील टांगणारी माणसं दरवर्षी दिसतात. दिवा गेला की पुन्हा तीच कसरत. यावर उपाय म्हणून एक जुनी स्लिंग, दोन कॅराबिनर आणि पाच-सहा मिलिमीटर जाडीची दोरी पुरते. शिडीवर चढायचं ते वर्षातून एकदाच, तेही दिवसाउजेडी आणि शिडी धरायला कोणी असताना. जागा अशी निवडा की वरचा गज किंवा हुक बाल्कनीच्या आतूनच हाताला लागेल.

1. स्लिंग वरच्या गजाभोवती घ्या, तिचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या वेढ्यातून ओवून ओढा. गजावर ती घट्ट बसेल आणि सरकणार नाही. तिच्यात स्क्रूवालं कॅराबिनर अडकवून स्क्रू लावा.

2. दोरीची लांबी ठरवा. कठड्यापासून वरच्या कॅराबिनरपर्यंतच्या अंतराची दुप्पट, वर दोन मीटर. दोरी कॅराबिनरमधून ओवा.

3. एका टोकाला आठची गाठ मारून त्यात कंदील बांधा. वायरवर कंदिलाचं वजन येऊ देऊ नका. वायर थोडी सैल ठेवून दोरीला वीत-दीड वीत अंतरावर सुती दोऱ्याने बांधत जा. वायरचा जोड टेप लावून धातूपासून लांब ठेवा.

4. कंदील वर ओढा. मोकळं टोक खाली कठड्याला अडकवलेल्या दुसऱ्या कॅराबिनरमध्ये क्लोव्ह हिचने (दोन वेढ्यांची, दोरीच्याच दाबाने धरणारी गाठ) बांधा. गाठ न सोडता फक्त सैल करून दोरी हवी तेवढी सरकवता येते, हीच या गाठीची मोठी सोय. तिच्यामागे एक-दोन साध्या अर्धगाठी मारा.

5. वारा जास्त असेल तर कंदिलाच्या तळाला एक बारीक तणावा बांधून तो कठड्याला लावा. नाहीतर रात्रभर कंदील गिरक्या घेतो आणि वायर पिळली जाते.

दिवा बदलायचा तेव्हा आधी बटण बंद करा, गाठ सैल करा आणि कंदील हातात उतरवून घ्या. मोठ्या कुंड्यांनाही हीच रचना चालते, फक्त दोरी जाड घ्या आणि आधार कुठला आहे ते नीट बघा. कॅराबिनरवर किलोन्यूटनमध्ये ताकद कोरलेली असते. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण 100 किलोचा भार. लांबीच्या दिशेने 20 किलोन्यूटन पेलणारं कॅराबिनर कुंडीमुळे तुटणार नाही. पण प्लास्टरमध्ये ठोकलेला खिळा पाणी घातलेल्या कुंडीने सहज निघून येतो. घरकामात कच्चा दुवा जवळजवळ नेहमी भिंत किंवा हुक असतो.

ताडपत्री: प्रुसिकची खरी कमाल

पावसाळ्यात अंगणात, पडवीपुढे किंवा गच्चीवर ताडपत्री बांधली की चार दिवसांत ती मधोमध पोटाला सुटते, पाणी साठतं आणि एखाद्या रात्री ताडपत्रीचे दोरी ओवायचे डोळे फाटून सगळं खाली येतं. इथे गिर्यारोहकांची एक साधी गाठ कामाला येते. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलेली ही गाठ भार नसताना दोरावर सरकते आणि भार आला की जागच्या जागी धरते.

दोन खांबांच्या किंवा झाडांच्या मधे जुना दोर आडवा बांधा, शक्यतो स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा. डायनॅमिक दोर मुळात ताणण्यासाठीच केलेला असतो. एकेरी डायनॅमिक दोर 80 किलोच्या स्थिर भाराने 10 टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. तो वापरलात तर दर दोन दिवसांनी कसावा लागेल.

एक टोक पक्कं बांधा. दुसऱ्या खांबाच्या अलीकडे दोन-तीन हातांवर दोरातच आठच्या गाठीने एक वेढा करा आणि त्यात कॅराबिनर घाला. आता मोकळं टोक खांबाभोवती नेऊन परत या कॅराबिनरमधून ओवा आणि खांबाच्या दिशेने ओढा. कागदावर ही रचना तुमची ओढ तिप्पट करते. घर्षणात बराच भाग जातो, तरी नुसत्या हातापेक्षा दोर कितीतरी जास्त कसला जातो. अर्धगाठी मारून अडकवा.

मग पाच-सहा मिलिमीटर दोरीचे दोन छोटे फास तयार करा. प्रत्येक फास मुख्य दोराभोवती तीनदा, त्याच्याच पोटातून गुंडाळून घ्या. वेढे एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसले पाहिजेत. फासाची दोरी मुख्य दोरापेक्षा स्पष्टपणे बारीक हवी, नाहीतर ती पकडत नाही. ताडपत्रीच्या दोन टोकांचे डोळे कॅराबिनरने या फासांना जोडा आणि फास दोन्ही बाजूंना बाहेर सरकवा. ताडपत्री ताठ होईल. सैल पडली तर बोटांनी प्रुसिक ढिला करून चार बोटं पुढे न्यायचा, सगळी बांधणी सोडायची गरज नाही. बाजूचे तणावेही असेच लावा आणि एक बाजू मुद्दाम खाली ठेवा, म्हणजे पाणी वाहून जाईल.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक करतात. पावसाचं पाणी दोरावरून वाहत थेट पडवीत येतं. पडवीत शिरण्याआधी दोरावर चिंधीचा किंवा दोरीचा तुकडा लोंबता बांधा. पाणी तिथेच खाली गळतं.

दोराचं पायपुसणं

जुन्या दोराचा सर्वात सुंदर उपयोग माझ्या मते हाच. काथ्याचं पायपुसणं पावसाळ्यात कुजतं आणि कुबट वास मारतं. नायलॉन कुजत नाही, धुतलं की पुन्हा वापरायला तयार. दोराची रंगीत नक्षी गोल फिरत जाते तेव्हा दिसतेही छान.

हिशेब सोपा आहे. 10 मिलिमीटर जाडीच्या दोराचं 50 सेंटिमीटर व्यासाचं गोल पायपुसणं करायला सुमारे 20 मीटर दोर लागतो. म्हणजे 60 मीटरच्या एका दोरात तीन होतात, आणि खराब झालेला भाग आधी कापून टाकता येतो. दोराव्यतिरिक्त दाभण आणि चांभाराकडे मिळतो तसा मेणलेला नायलॉनचा दोरा घ्या. दाभण ढकलायला बोटावर कातडी तुकडा हवा. जुना बीलेचा (साथीदाराचा दोर धरताना घालायचा) हातमोजा असेल तर उत्तमच.

सपाट टेबलावर किंवा फरशीवरच काम करा, मांडीवर नको. वितळवून बंद केलेल्या टोकापासून दोर घट्ट गुंडाळायला सुरुवात करा आणि दर तीन-चार सेंटिमीटरवर शेजारच्या वेढ्याला टाका घाला. दाभण दोराच्या फक्त कव्हरमधून न्या. गाभ्यातून घालायला गेलात तर हात भरून येतील आणि सुई मोडेल. टाका घट्ट हवा, पण दोर स्वतः ओढून गुंडाळू नका. तो ताणलेला राहिला की मधला भाग वर उचलला जातो आणि पायपुसणं जमिनीला टेकत नाही. पहिले सात-आठ वेढे झाले की उलथं करून बघा. उचललं असेल तर तेवढंच उसवून पुन्हा करा, पुढे जाऊन ते बसत नाही. शेवटचं टोक निमुळतं होईल असं वितळवून आधीच्या वेढ्याखाली दडवा. गुळगुळीत फरशीवर ठेवणार असाल तर खाली रबरी जाळी घाला, नाहीतर पाय घसरेल. ही सूचना विशेषतः घरात आजी-आजोबा असतील त्यांच्यासाठी.

स्लिंग आणि सिलिंडर

लिफ्ट नसलेल्या इमारतीत भरलेला गॅस सिलिंडर वर नेणं म्हणजे पाठीची परीक्षा. आत 14.2 किलो गॅस आणि त्याहून थोडं जास्त वजन खुद्द सिलिंडरचं, म्हणजे 30 किलोच्या आसपास भार. दोन स्लिंग घ्या, दोघांनी मिळून उचला. सिलिंडरच्या वरच्या पत्र्याच्या गोल कड्याच्या समोरासमोरच्या फटींतून प्रत्येकी एक स्लिंग ओवून तिच्याच वेढ्यातून ओढून घ्या. दोघेही सरळ कण्याने चालू शकतात आणि पत्रा बोटांत रुतत नाही. स्लिंग फक्त रुंद आणि शाबूत टेपची घ्या. कडेची शिवण उसवलेली असेल तर ती कंदिलापुरती ठेवा. सिलिंडर उभाच राहील आणि व्हॉल्व्हला स्लिंग लागणार नाही, हे बघा.

छोटे छोटे उपयोग

चॉक बॅग (चढताना हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरची पिशवी) कमरेला बांधून कपडे वाळत घाला. चिमटे एका हाताने काढता येतात, तोंडात धरावे लागत नाहीत. सकाळी मोगरा किंवा पारिजातक वेचायलाही ती उत्तम, आधी चॉक धुऊन टाका म्हणजे झालं. उरलेलं चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ते तेल शोषून घेतं. सुती कपड्यावर फोडणीचं तेल उडालं तर डागावर जाडसर थर देऊन काही तास ठेवा, झटका, मग साबण लावा. डाग ताजा असतानाच हे चालतं.

एका मोठ्या कॅराबिनरमध्ये भाजीच्या पाच-सहा पिशव्यांचे बंद एकत्र अडकवले तर बोटं कापत नाहीत. पोहऱ्याच्या कडीला कॅराबिनर लावलं तर पोहरा दोराला पटकन जोडता आणि काढता येतो. मात्र पाण्यात गेलेलं कॅराबिनर पुसून ठेवा, गेटची स्प्रिंग गंजते. बोल्डरिंगचा (दोराशिवाय छोट्या दगडांवर चढण्याचा) क्रॅश पॅड, म्हणजे खाली टाकायची जाड गादी, पाहुण्यांना झोपायला पुरतो, वर जाड चादर घाला. हेडटॉर्चबद्दल सांगायलाच नको. वीज गेल्यावर फ्यूज पाहायचा असेल तेव्हा दोन्ही हात मोकळे राहणं किती मोलाचं, ते एकदा वापरून बघा.

हे करू नका

बंद पडलेली गाडी डायनॅमिक दोराने ओढू नका. दोर ताणून तुटला किंवा हुक निघाला तर तो गलोलीसारखा मागे येतो आणि हुक डोक्यात बसू शकतो. प्रस्तरारोहणाचं हेल्मेट दुचाकीवर घालू नका. ते वरून पडणाऱ्या दगडांसाठी असतं, दुचाकीला आयएस 4151 खुणेचंच हवं. वापरातला दोर इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ ठेवू नका. अ‍ॅसिडमुळे नायलॉन कमजोर होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

गोकुळाष्टमीच्या आधी मंडळाची पोरं दोर मागायला येतील. वरच्या थरावरच्या गोविंदाच्या कमरेला बांधण्यासाठी जुना दोर किंवा जुना हार्नेस देऊ नका, ओळखीखातर नको आणि 'फक्त एकदाच' म्हटलं तरी नको. त्यांना सांगा, नवा स्टॅटिक दोर मीटरच्या भावाने मिळतो, आणि तो आणायला त्यांच्यासोबत स्वतः जा.