इंग्लंडमधल्या फ्लॅटची लीज ८० वर्षांखाली जाऊ देऊ नका

इंग्लंड किंवा वेल्समध्ये तुमचा फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर (लीजवर) घेतलेला असेल, तर आधी एक काम करा: लीजची किती वर्षं उरली आहेत ते मोजा. घर घेतानाच्या कागदांत ते असतंच. कागद सापडत नसतील तर लँड रजिस्ट्रीच्या सरकारी वेबसाइटवर ७ पौंडांत टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) मिळतं. फ्लॅट कधी घेतला हे इथे बघायचं नसतं, लीज कधी सुरू झाली ते बघायचं. आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या फ्लॅटबद्दल एजंट ‘९९ वर्षांची लीज’ एवढंच सांगत होता. कागदावर ती २४ जून १९९८ पासूनची होती.

मुंबई-पुण्यात ओनरशिपच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या आपल्या लोकांना हे पटकन पचत नाही. गृहकर्ज फिटलं तरी हातात असतात ती वर्षंच. ती संपली की फ्लॅट फ्रीहोल्डरकडे, म्हणजे जमिनीच्या मूळ मालकाकडे, परत जातो.

आता ८० चा आकडा. लीज वाढवताना फ्रीहोल्डरला जी रक्कम द्यावी लागते, तिला प्रीमियम म्हणतात. त्याचं बुडणारं ग्राउंड रेंट (जमिनीचं वार्षिक भाडं) आणि फ्लॅट परत मिळायला लागणारा उशीर, या दोन्हींची ती भरपाई असते. पण उरलेली मुदत ८० वर्षांखाली गेली की त्यात ‘मॅरेज व्हॅल्यू’ची भर पडते. म्हणजे लीज वाढल्यामुळे जी जादा किंमत तयार होते, तिचा निम्मा वाटा फ्रीहोल्डरला. समजा, लांब लीजवर फ्लॅटची किंमत साडेतीन लाख पौंड आहे आणि ग्राउंड रेंट वर्षाला १०० पौंड. ८२ वर्षं उरली असताना प्रीमियम साधारण ८,००० पौंड येईल. ७९ वर्षं उरली असतील आणि त्या लीजवर फ्लॅटची किंमत ५ टक्क्यांनी कमी धरली, तर तो १३,००० च्या वर जाईल. फरक फक्त तीन वर्षांचा! शिवाय लीज जितकी आखूड, तितक्या गृहकर्ज देणाऱ्या बँका मागे सरतात.

फ्रीहोल्डर स्वतःहून पत्र पाठवतो तेव्हा विशेष जपा. आम्हालाही आलं होतं: ‘लीज १२५ वर्षांची करून देतो, खर्च कमी, काम झटपट.’ आतल्या पानावर ग्राउंड रेंट दर २५ वर्षांनी दुप्पट होणार होतं. ३० जून २०२२ पासूनच्या कायद्याने वाढीव मुदतीवर ग्राउंड रेंट लावता येत नाही, पण जुन्या लीजच्या उरलेल्या वर्षांसाठी ते चालू ठेवता येतं. लीज वाढवून घ्यायचा हक्क देणाऱ्या १९९३ च्या कायद्याने गेलात तर उरलेल्या मुदतीवर ९० वर्षं वाढून मिळतात आणि ग्राउंड रेंट पहिल्या दिवसापासून शून्य होतं. आम्ही तोच रस्ता धरला. आमची लीज आता २१८७ पर्यंत आहे. तुम्हीही तोच धरा, असं मी आग्रहाने सांगेन.

त्यासाठी लीज एक्स्टेन्शनचीच कामं करणारे सॉलिसिटर आणि व्हॅल्युएशन सर्व्हेयर गाठा. घरखरेदीची कागदपत्रं करणारा वकील इथे पुरत नाही. सर्व्हेयरच्या आकड्यावरून सॉलिसिटर फ्रीहोल्डरला त्याच कायद्यातली सेक्शन ४२ ची नोटीस (लीज वाढवण्याची रीतसर मागणी) देतो. तिच्यातली रक्कम घासाघीस करायला जागा ठेवणारी असावी, पण हास्यास्पद कमी नको, नाहीतर नोटीसच बाद ठरू शकते. नोटीस दिली त्या दिवशीची उरलेली वर्षं हिशेबाला कायम होतात. म्हणून ८० जवळ आली असतील तर बाकी सगळं नंतर, नोटीस आधी. फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि सर्व्हेयरचा वाजवी खर्चही आपल्यालाच द्यावा लागतो, तो बाजूला काढून ठेवा.

उत्तर द्यायला फ्रीहोल्डरला किमान दोन महिने मिळतात. त्याचं प्रतिउत्तर आलं की बोलणी सुरू होतात. रकमेवर जुळत नसेल तर प्रतिउत्तरानंतर दोन महिने उलटल्यावर, पण सहा महिन्यांच्या आत, ट्रायब्युनलकडे (अशा वादांचा निकाल देणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज करावाच लागतो. ही तारीख कॅलेंडरवर स्वतः लिहा, वकिलावर सोडू नका. ती चुकली तर नोटीस मागे घेतल्यासारखी होते आणि नवी द्यायला १२ महिने थांबावं लागतं.

‘लीजहोल्डचा २०२४ चा नवा कायदा पूर्ण लागू होईपर्यंत थांबू का?’ असं मला बरेच जण विचारतात. त्यात ९९० वर्षांची वाढ आहे, मॅरेज व्हॅल्यू रद्द करण्याची तरतूदही आहे. पण कायदा मंजूर झाला म्हणून सगळी कलमं लगेच लागू होत नाहीत. शंभराच्या वर वर्षं असतील तर खुशाल थांबा. ८० ते ८५ च्या मध्ये असाल तर माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. लीजहोल्ड अॅडव्हायझरी सर्व्हिसचा सल्ला मोफत मिळतो, तिथे आपली परिस्थिती सांगून खात्री करून घ्या.

आणि जे आत्ता ८१ वर्षांची लीज उरलेला फ्लॅट घ्यायला निघाले आहेत त्यांच्यासाठी: नोटीस देण्यासाठी फ्लॅट दोन वर्षं नावावर असायला हवा ही अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली आहे, तरी नोटीस द्यायला लँड रजिस्ट्रीत तुमचं नाव चढलेलं लागतं आणि त्याला कित्येक महिने जाऊ शकतात. तेव्हा व्यवहार पूर्ण होण्याआधी विकणाऱ्यालाच नोटीस द्यायला लावा आणि तिचे हक्क विक्रीबरोबरच आपल्या नावे लिहून घ्या.